अजिंक्यतारा आणि शाहूनगर

अजिंक्यतारा : सातारा शहराच्या माथ्यावरचा गिरिदुर्ग. मराठ्यांच्या दोन यादव्या याच्या दारात लढल्या गेल्या. त्यांनी तटापेक्षा शहराचाच नकाशा अधिक बदलला.

तट फुटला तो परचक्रात. औरंगजेबाच्या वेढ्यात एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवले, तेव्हा तटाचा एक भाग कोसळून मोगलांचीच माणसे त्याखाली गाडली गेली. काही दिवसांनी गड पडला आणि त्याचे नाव ‘आझमतारा’ झाले. ताराबाईंच्या कारकिर्दीत तो परत आला आणि ‘अजिंक्यतारा’ म्हणवू लागला.

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंच्या फौजेवर मात करून शाहू महाराज साताऱ्यावर चालून आले. गडावर ताराबाईंच्या बाजूने परशुराम त्रिंबक प्रतिनिधी ठाण मांडून होते. पण किल्लेदार शेख मिऱ्याची बायकामुले वाईला शाहूंच्या हाती लागली. त्याने प्रतिनिधींनाच कैद केले आणि दरवाजा उघडला. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा राज्याभिषेक झाला. पुढे पायथ्याशी शाहूनगर वसले, आणि कारभार, पेठा, सावकारी सारे गडाखाली आले. पूर्वेला माणदेशातला महिमानगड पंढरपूरच्या वाटेवर पहारा देत होता. राजधानीला आता डोंगराच्या आडोशाची पूर्वीइतकी निकड राहिली नव्हती.

यादवीने शहराचा नकाशा बदलण्याच्या बाबतीत इंग्लंडमधल्या चेस्टरची गत याहून वाईट झाली. तिथल्या यादवीत वेढ्याला आडोसा मिळू नये म्हणून रक्षकांनी तटाबाहेरच्या वस्त्या स्वतःच जाळल्या, आणि फेब्रुवारी १६४६ मध्ये उपासमारीने शहर शरण गेले.

साताऱ्यावरही आपल्याच तोफा चालल्या. नोव्हेंबर १७५० मध्ये चंपाषष्ठीला ताराबाईंनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांना गडावर बोलावून अडकवून ठेवले. गडाच्या तोफा खाली उतरलेल्या राजाच्या लोकांवर आणि शहरातल्या कोकणस्थांच्या घरांवर वळवल्या गेल्या, असे ग्रँट डफ नोंदवतो. ज्या गडाच्या भरवशावर लोकांनी घरे बांधली, त्याच गडावरून गोळे यावेत, ही या शहराच्या इतिहासातली सर्वांत जिव्हारी लागणारी घटना म्हणावी लागेल. मार्च १७५१ मध्ये ताराबाईंच्या मदतीला आलेली दमाजी गायकवाडांची फौज वेण्णाकाठी अडली, पण पेशव्यांना गड ताराबाईंकडून बळाने घेता आला नाही. १७५२ मध्ये जेजुरीला समझोता झाला. रामराजे मात्र नजरकैदेतच राहिले.

१८१८ मध्ये गड इंग्रजांनी घेतला. प्रतापसिंह महाराजांनी खालच्या शहरात रस्ते केले, पाणी आणले आणि नवा वाडा उभारला. गड ओस पडत गेला. आज वर तळी, मंगळाईचे देऊळ आणि दरवाजाचे बुरूज आहेत. चढ सुरू होतो तिथल्या वस्तीला अजून माची पेठच म्हणतात.