तीर्थ, खाट आणि वाटणी

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त असे सांगितले आहे की, सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडलेली साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाला. आणि हे वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आजचे वाशीम. ज्या गावात साक्षात वाङ्मयाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या, त्या गावाची लोकांच्या तोंडी अधिक रुळलेली कथा मात्र लग्नाची नाही, रोगाची आहे. वासुकी नावाच्या राजाला महारोग जडला, गावाबाहेरच्या एका लहानशा डोहात स्नान करताच त्याची काया निर्मळ झाली, आणि कृतज्ञ राजाने तो डोह बांधून विस्तीर्ण केला. तेच पद्मतीर्थ, अशी ही परंपरा आहे.

याच जिल्ह्यात, वाशिमापासून दिवसभराच्या गाडीवाटेवर, मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची कथाही थेट अशीच निघावी, हा योगायोग म्हणावा की या भूमीची जुनी चिंता म्हणावी, हे ठरविणे कठीण आहे. एलिचपूरचा राजा, कोणी त्याला ईल म्हणतात, कोणी श्रीपाल, कुष्ठाने पीडलेला होता. वाटेत एका जलाशयावर त्याने हातपाय धुतले आणि रात्री त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. पुढचा भाग, मूर्ती सापडल्याचा, राजाने मागे वळून पाहिल्याचा आणि मूर्ती अधांतरी राहिल्याचा, सर्वश्रुत आहे. मला मात्र या कथेत त्या मूर्तीइतकाच मोलाचा वाटतो तो त्याआधीचा लहानसा प्रसंग. राजाचे हातपाय स्वच्छ झाले आहेत, हे प्रथम लक्षात आले राणीच्या. वैद्याच्या नव्हे, प्रधानाच्याही नव्हे. ज्या स्त्रीने ते व्रण रोज पाहिले असतील, धुतले असतील, त्यांवर पट्टी बांधली असेल, तिलाच आजचे हात कालचे नव्हेत हे कळणार. आणि काल पाणी कोठे घेतले होते, तेथे परत चला, असा आग्रहही तिनेच धरला.

तीर्थांच्या कथांना एक सोय असते: त्या रोग बरा होताच संपतात. संसाराला ती सोय नाही. दुखणे जेथे बरेही होत नाही आणि माणसाला नेतही नाही, तेथे रोज सकाळी चूल पेटवावी लागते, पथ्याचे वेगळे शिजवावे लागते, शेतातली पाळी चुकवून चालत नाही, आणि मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली असता आतल्या खोलीतला खोकला पाहुण्यांच्या कानी पडू नये म्हणून कोणीतरी दार ओढून घेत असते. या संसाराचा इतिहास ताम्रपटांत कोरला गेला नाही आणि दप्तरांतही फारसा उतरला नाही. तो शोधायचा तर पोथ्यांत आणि कायद्यांतच शोधावा लागतो.

पोथी अर्थात 'गुरुचरित्र'. ज्या नृसिंहसरस्वतींचे ते चरित्र, त्यांचा जन्म याच जिल्ह्यातील कारंज्याचा. या ग्रंथात रोगी पुष्कळ आहेत. पोटशुळाने अन्नालाच वैरी मानून गोदावरीत जीव द्यायला निघालेला ब्राह्मण आहे, श्वेतकुष्ठाचा नरहरी आहे, मांडीवरच्या फोडाने हैराण झालेला बेदरचा बादशहाही आहे; परंतु दीर्घ दुखण्याचा संसार जर कोठे सविस्तर आला असेल तर तो माहूरच्या सावित्रीच्या कथेत. माहूर येथून फार दूर नाही. पैनगंगा ओलांडली की आलेच. तेथील गोपीनाथ नावाच्या धनिकाचा नवसाचा मुलगा दत्त, त्याला ऐन तारुण्यात क्षय लागला. त्याची पत्नी सावित्री पती जेवेल तितकेच जेवी, त्याला जे औषध द्यावे तेच आपणही घेई, दागिने उतरवून जीर्ण वस्त्रे नेसे. सासूसासऱ्यांनी आणि माहेरच्यांनी किती समजावले तरी तिने ऐकले नाही, आणि अखेर डोलीत घालून त्याला गाणगापुरास नेले. तेथे तो मरतो आणि गुरुकृपेने पुन्हा उठतो, ही कथेची फलश्रुती झाली. पण त्याआधी त्या घरात जे घडत होते, ते आजही कोणत्याही दुखणाइताच्या घरी ओळखू येईल: एक माणूस खाट धरतो आणि दुसरे माणूस, खाटेवर न पडताही, त्याच्याबरोबर घासाघासाने कमी होत जाते. पोथी याला पातिव्रत्य म्हणते आणि पुढचे अध्याय स्त्रीधर्माच्या उपदेशाला देते. सावित्रीच्या तपाला पोथीने दिलेले मोल मी नाकारीत नाही. परंतु दत्ताच्या जागी सावित्रीने अंथरूण धरले असते, तर तिच्या पानातले घास मोजून कोण जेवला असता, हा प्रश्न पोथीला पडलेला नाही, एवढे नोंदविणे भाग आहे.

धर्मशास्त्राने मात्र हा सारा व्यवहार दोन शब्दांत बसविला. याज्ञवल्क्याने असाध्य रोग्याला आंधळ्या-पांगळ्यांच्या आणि वेड्यांच्या पंक्तीला बसवून सांगितले की, असा मनुष्य भर्तव्य आहे, म्हणजे घराने त्याला पोसलेच पाहिजे; पण तो निरंशक आहे, म्हणजे वाटणीत त्याला हिस्सा नाही. त्याचे निर्दोष पुत्र हिस्सा घेतील, मुलींना लग्नापर्यंत पोसावे, निपुत्रिक पत्नीलाही पोसावे, मात्र ती सद्वर्तनी असली तर. विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त त्यात एक खिडकी ठेवली: वाटणी झाल्यानंतर औषधोपचाराने दोष गेला, तर त्याला भाग मिळावा. वऱ्हाडात मिताक्षराच चालत असे, आणि त्यामुळे हा निव्वळ शास्त्रार्थ नव्हता. जमीनजुमला, वतन, पाटिलकी यांचा प्रश्न निघाला की आतल्या खोलीतले दुखणे सदरेवर येई. भाऊबंदकीला रोगासारखे सोयीचे हत्यार दुसरे नसावे. ज्याच्या अंगावर चट्टा दिसला त्याच्या पानात अन्न पडे, पण सातबाऱ्याच्या आधीच्या त्या कागदांवर त्याचे नाव पडेलच याचा भरवसा नसे. आणि त्याची बायको दोन्हीकडून भर्तव्य: नवऱ्यामुळे एकदा आणि स्वतःच्या सद्वर्तनामुळे दुसऱ्यांदा.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, वाशीम जिल्ह्याचे ठाणे झाले, आणि १९०५ साली तो जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला. तो पुन्हा वेगळा व्हायला १९९८ चा जुलै उजाडावा लागला. इंग्रज राजवटीने महारोग्याकडे कुटुंबाच्या नव्हे, पोलिसाच्या दृष्टीने पाहिले. हिंदुस्थान सरकारच्या १८९८ च्या कायद्याने पकडायचा होता तो भिकारी रोगी, म्हणजे ज्याला घर उरले नाही तो. ज्याच्या डोक्यावर छप्पर होते आणि पानात भाकरी होती, त्याला आश्रयगृहात धाडण्याचे कारण कायद्याला दिसत नव्हते. रोगाहून घर सुटणे हाच मोठा अपराध ठरला. त्याच कायद्यात अशीही तरतूद होती की, स्थानिक संस्थेने मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरीवर वा तलावावर महारोग्याने स्नान करू नये. ज्या मुलखातली दोन तीर्थे राजांच्या कुष्ठस्नानामुळे तीर्थे झाली, त्या मुलखापर्यंत पोहोचलेल्या कायद्याची ही कलमे वाचताना वासुकीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

घराबाहेर पडलेल्यांसाठी मग विदर्भात घरे उभी राहिली. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनऱ्यांचे रुग्णालय झाले, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी, विनोबांच्या प्रेरणेने, कुष्ठधाम उभारले, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ चे. वरोड्याच्या माळावर बाबा आमटे गेले ते साधनाताई आणि दोन लहान मुले यांच्यासह, म्हणजे आपला संसारच घेऊन. आणि तेथे उभ्या राहिलेल्या आनंदवनाने रोगमुक्तांची लग्ने लावून दिली, हे मला त्यांच्या शेतीउद्योगांहूनही मोठे वाटते. औषध द्यायला पुष्कळ जण पुढे येतात. संसार द्यायला कोण येतो?

कायदा सावकाश वळला. १९२८ साली जन्मजात वेड वगळता रोगामुळे वारसा बुडण्याची रूढी मोडण्यात आली, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने रोग हे कारणच पुसून टाकले. निरंशक हा शब्द पोथीत उरला. पण एका दारातून हिस्सा आत आला तेव्हा दुसऱ्या दारातून जोडीदार बाहेर जाऊ शकत होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नमूद होते. १९८२ पासून वर्धा जिल्ह्यात बहुविध औषधोपचार सुरू झाला, असाध्य म्हटलेला रोग ठरावीक महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला, तरी ते कलम पुस्तकात तसेच राहिले आणि २०१९ साली निघाले. विज्ञानेश्वराने ठेवलेली खिडकी गाठायला आधुनिक कायद्याला इतका काळ लागला.

आता घराघरांतली दुखणी निराळी आहेत. महारोग मागे हटला. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार यांनी खाट धरली आहे, आणि पथ्याचे वेगळे शिजतेच आहे. घरात दुखणे रेंगाळले की वऱ्हाडात अजूनही गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. ही पोथी बायकांनी वाचू नये, ऐकावी, असा जुना दंडक आहे, आणि तो पाळणारी घरे आजही आहेत. सोवळे नेसून घरातला पुरुष वाचीत असतो. माहूरच्या सावित्रीचा अध्याय येतो, ती किती घास जेवी ते तो स्पष्ट उच्चारात वाचतो. आणि घरची बाई उंबऱ्यापाशी बसून ते ऐकता ऐकता, आतून हाक आली की, उठून औषध देऊन येते. परत येऊन बसते तोवर कथा दोन ओव्या पुढे गेलेली असते.