उसाच्या चिपाडापासून तंतुफलक : रिफायनर यंत्राचा इतिहास आणि कोल्हापूर परिसर

प्रस्तावना :
कोल्हापूर जिल्ह्याच्या अर्थकारणात उसाचे स्थान मध्यवर्ती आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेली शाहूपुरी ही गुळाची प्रमुख पेठ बनली. पुढे राधानगरी धरणाचे पाणी आणि कसबा बावडा, वारणानगर येथील साखर कारखाने यांमुळे ऊसशेती विस्तारली. गाळपानंतर उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के ओले चिपाड उरते. गुऱ्हाळात ते चुलवाणात, तर कारखान्यात बगॅस या नावाने बॉयलरमध्ये जळते. लाकडाला पर्याय ठरू शकणारा तंतू याच चिपाडात असतो. तो फलकास योग्य ठरतो की नाही, हे यंत्र ठरविते.

यंत्राचा विकास :
अमेरिकेत १९२० च्या दशकात लुइझियानातील बगॅसपासून सेलोटेक्स हे फलक तयार होऊ लागले. त्याच दशकात विल्यम मेसन यांनी लाकडाच्या चिपा उच्च दाबाच्या वाफेत ठेवून, दाब एकदम सोडून तंतू मोकळे केले. या पद्धतीत तंतू काळपट होई व त्यातील हेमिसेल्युलोजचा बराच अंश नष्ट होई. १९३१ च्या सुमारास स्वीडनचे अर्ने आस्प्लुंड यांनी वाफेच्या दाबाखालीच दोन चकत्यांमध्ये चिपा दळण्याची पद्धत आणली. उष्णतेने लिग्निन मऊ झाल्याने तंतू न तुटता सुटू लागले आणि वीजही कमी लागली. आजचे रिफायनर याच तत्त्वावर चालतात.

तंतूच्या गुणवत्तेवरील परिणाम :
चकत्यांमधील अंतर फार कमी ठेवल्यास तंतू तुटून भुकटी वाढते व ती अधिक राळ शोषते. अंतर जास्त असल्यास तंतूंचे जुडगे तसेच राहून फलकाचा पृष्ठभाग खडबडीत होतो. चकत्यांचे दाते झिजले की तंतू सुटण्याऐवजी चिरडला जातो. बगॅसची अडचण निराळी आहे. त्यातील भेंड पाणी व राळ दोन्ही शोषते, म्हणून रिफायनरपूर्वी ते वेगळे करावे लागते. शिवाय गाळप हंगामी असल्याने साठविलेले बगॅस आंबते आणि तंतू कमजोर होतो.

कोल्हापूरचा संदर्भ :
सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे १९९० च्या दशकात बगॅसपासून पार्टिकल बोर्डचे उत्पादन सुरू झाले. त्यात सुटा तंतू नव्हे, तर कण वापरले जातात. पुढे सहवीजनिर्मितीमुळे बगॅसला इंधन म्हणून अधिक मोल आले.

निष्कर्ष :
जाळल्याने मिळणाऱ्या मोलापेक्षा तंतूचे मोल अधिक झाले, तरच कारखान्यास फलकासाठी बगॅस देणे परवडेल. हे मोल भेंड काढण्याच्या व तंतू सोडविण्याच्या यंत्रांवर अवलंबून आहे. म्हणून कोल्हापूरसारख्या ऊसप्रधान जिल्ह्यात या उद्योगाचा विचार करताना कच्च्या मालाच्या विपुलतेइतकाच यंत्राच्या निवडीचाही विचार होणे आवश्यक ठरते.