आर्नोकांठची छत्री

एखाद्या समाधीचें जुनें छायाचित्र हातीं आलें, म्हणजे आपण आधीं तिचा घाट पाहतों व मग नांव वाचतों. फ्लॉरेन्स शहराच्या कास्चिने उद्यानाच्या टोंकाशीं, आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर असलेल्या स्मारकाचीं जुनीं छायाचित्रें पाहतांना कोल्हापूरकरास नांव वाचण्याची गरज पडत नाहीं. खांबांवर घुमट, खालीं पागोटें घातलेला अर्धपुतळा. ही आपल्याकडची छत्रीच!

कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज विलायतेहून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं या शहरांत वारले. वय अवघें वीस. दहनाची चाल नसलेल्या त्या ख्रिस्ती नगरांत खास परवानगी मिळवून, परक्या मुलुखांत संगम शोधून, बरोबरच्या मंडळींनीं रात्रीं त्यांना अग्नि दिला. पंचगंगेच्या कांठीं वाढलेल्या माणसांना संगम कशाला हवा हें आम्ही सांगावयास नको. त्या रात्रीं किनाऱ्यावर जमलेल्या फ्लॉरेन्सवासीयांना तें कसें कळलें असेल, याचें मात्र आम्हांस राहून राहून कुतूहल वाटतें.

स्मारक १८७४ मध्यें उभें राहिलें. छत्रीची रचना चार्ल्स मँट यांची व पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. याच मँटसाहेबांनीं १८७२ ते १८७६ या काळांत कोल्हापुरांत टाउन हॉल बांधला, आणि तो टोंकदार कमानींचा, गॉथिक थाटाचा! म्हणजे एकाच कारागिराच्या हातून युरोपांत आपली छत्री उभी राहिली व आपल्या गांवीं युरोपची इमारत. या अदलाबदलींत कोणी कोणाचें ऋण फेडलें, हें ठरविणें कठीण आहे. आमच्या मतें छत्री अधिक सरस वठली, कारण तिच्यामागें एक माणूस होता.

छायाचित्रांत पुतळा करडा दिसतो. प्रत्यक्षांत तो रंगविलेला आहे. त्या काळच्या काचेला रंग पकडतां येत नसे, त्यामुळें चित्रांतला तरुण राजा असावा त्याहून प्रौढ व गंभीर भासतो. त्यांची इंग्रजी दैनंदिनी कॅप्टन वेस्ट यांनीं १८७२ मध्यें छापली. माणूस पाहावयाचा तर तेथें पाहावा. फ्लॉरेन्सचे लोक या जागेस नुसतें ‘इंडियानो’ म्हणतात. शेजारीं १९७८ मध्यें पुरा झालेला मोठा पूलही त्याच नांवानें ओळखला जातो. राजाराम हें नांव त्यांत कोठेंच नाहीं.