मुक्त मुद्राक्षरे : मूल्य व परवाना
संगणकीय अक्षरसंचाचा वापर, फेरफार व वितरण यांची अनुज्ञा कर्त्याने परवान्याद्वारे सर्वांस दिलेली असल्यास त्यास मुक्त मुद्राक्षरे म्हणतात. मुक्त म्हणजे फुकट, हा रूढ समज बरोबर नाही.

मुंबईत देवनागरी खिळ्यांचा व्यापार जुना आहे. जावजी दादाजी (१८३९–९२) यांनी १८६४ मध्ये ओतशाळा काढली व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना स्थापिला. गिरगावलगतच्या काळबादेवीतून त्यांचे सुबक खिळे इतर छापखान्यांकडेही जात. ओतशाळा खिळे विकीत, मातृका मात्र सहसा स्वतःजवळ ठेवीत. खिळे झिजले की गिऱ्हाइकास पुन्हा तेथेच यावे लागे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी ही मातृकाच गिऱ्हाइकाच्या हाती दिली, असे म्हणता येईल. १९८५ मध्ये त्यांनी ईमॅक्स आज्ञावलीची फीत १५० डॉलरांस विकली, ती सोर्स कोडसह. १९८९ च्या जीएनयू परवान्यानेही प्रतीचे मूल्य घेण्यास मुभा ठेवली.

अक्षरसंचांसाठीचा ओपन फाँट लायसन्स (आवृत्ती १·१, २००७) अधिक कडक आहे. त्यानुसार संच एकटा विकता येत नाही, आज्ञावलीसोबत विकता येतो; बदललेला संचही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. मुंबई लोकलच्या हस्तलिखित पाट्यांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी घडविलेला ‘यात्रा वन’ याच परवान्याखाली आहे. लालबागच्या एखाद्या छापखान्याने त्यात गणेशोत्सव मंडळाची पत्रिका छापून पैसे घेतल्यास परवान्याची हरकत नाही; पण संचाची फाइल परवान्याच्या मजकुराविना दुसऱ्यास दिल्यास, एक पैसाही न घेता, परवान्याचा भंग होतो.