पद्मनाभपूरच्या लहान बागा

शासकीय दफ्तरात 'उद्यान' हा शब्द बहुधा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात सापडतो. पाणीपुरवठा, रस्ते, मलनिःसारण, दिवाबत्ती ह्यांचे हिशेब पुरे झाले की उरलेल्या ओळीत त्याची नोंद होते. एखाद्या नगराचा कारभार कसा चालला आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर मला मात्र ही शेवटची ओळच अधिक उपयोगी वाटते. म्हणून सुटीच्या दिवशी लोकल गाडीने जवळच्या गावी जावे, तेथील वसाहतींमधील लहानलहान बागा पायी पाहाव्यात आणि संध्याकाळी परत यावे, असा छंद मी जडवून घेतला आहे. ह्या लेखात दुर्ग-भिलाई ह्या जोडनगरातील पद्मनाभपूर वसाहतीविषयी लिहीत आहे.

रायपूरहून दुर्ग रेल्वेने सुमारे ३७ किलोमीटर. कुम्हारी, भिलाई, पॉवर हाऊस, भिलाई नगर अशी स्थानके घेत मेमू गाडी तासाभरात दुर्गला पोहोचते. हा मार्ग मुळात नागपूरचा. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर ते राजनांदगाव अशी मीटरगेज रेल्वे झाली, ती छत्तीसगढचे धान्य बाहेर नेण्यासाठी. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली, रुंद केली आणि १८९१ पर्यंत आसनसोलला नेऊन भिडवली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अठराव्या शतकात रतनपूरच्या गादीवर बसलेल्या बिंबाजी भोसल्यांपासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, मधले फेरबदल सोडले तर, ह्या मुलखाचे दोर नागपुरातून हलत. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या दिवशी दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती! ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, तोवर राजधानी भोपाळला गेली होती. १ नोव्हेंबर २००० पासून ती रायपूरला आहे. पन्नास वर्षांच्या आत एका जिल्ह्याने तीन राजधान्या पाहिल्या.

भिलाईची कारखान्याची नगरी आणि तिच्या कडेला वाढलेले दुर्ग ह्यांत एक मूलभूत फरक आहे. कारखान्याच्या नगरीत जमीन एका मालकाची, घरे त्याचीच, झाडेही त्याचीच. सेक्टर आखताना शाळा, बाजार, मैदान ह्यांची जागा आधी ठरली, घरे नंतर उठली. १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेली मैत्री बाग ह्याच व्यवस्थेचे अपत्य होय. जमशेदपूरचे ज्युबिली पार्क (१९५८) त्याच कुळातले. अशा बागा भव्य असतात. त्यांना तिकीट असते, प्राणिसंग्रहालय असते, सहली येतात. पण ज्या आजीबाईंना गुडघ्यांमुळे दोनशे पावलांपलीकडे चालवत नाही, त्यांच्या दृष्टीने मैत्री बाग आणि लंडनचे हाइड पार्क सारख्याच अंतरावर आहेत.

पद्मनाभपूरची गोष्ट वेगळी आहे. ही नागरी वसाहत आहे. निवृत्त नोकरदार, शिक्षक, व्यापारी अशी संमिश्र वस्ती. घरांच्या ओळींमध्ये मधूनच एखादा चौकोन मोकळा सोडलेला दिसतो. काही चौकोनांना जाळीचे कुंपण, चालण्याची पायवाट, लोखंडी झोपाळे, हिरव्या-पिवळ्या रंगाची व्यायामाची यंत्रे. काहींत नुसते गवत आणि मुलांच्या क्रिकेटने उघडी पडलेली माती. मला दुसऱ्या प्रकारचे चौकोन अधिक आवडले हे प्रांजळपणे सांगतो.

असे चौकोन राहतात कसे? नगररचनेच्या कायद्याने. मध्यप्रदेशाने १९७३ मध्ये नगर तथा ग्राम निवेश अधिनियम केला, तो छत्तीसगढला वारशाने मिळाला. महाराष्ट्रातही ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के जमीन मोकळी ठेवावी लागते. नकाशावर ती हिरव्या रंगाने दाखवली जाते. हा हिरवा रंग फार नाजूक असतो. जमिनीचा भाव वाढू लागला की प्रथम तोच उडतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ह्यात नवल वाटत नाही. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सार्वजनिक फिरण्याच्या जागांवर अहवाल दिला. १८४७ मध्ये लोकांच्या पैशातून बर्कनहेड पार्क उभे राहिले, तेव्हा बागेभोवतालचे भूखंड विकून खर्च भरून काढण्याची युक्ती योजली होती. म्हणजे बाग शेजारच्या घराची किंमत वाढवते. परंतु वाढलेली किंमत घरमालकाच्या खिशात जाते आणि माळ्याचा पगार मात्र नगरपालिकेच्या. त्यातून बाग 'करणे' हा भांडवली खर्च असतो, त्याला कोनशिला असते. बाग 'राखणे' हा महसुली खर्च, त्याला कोनशिला नसते. अमृत योजनेने २०१५ पासून उद्यानांसाठी पैसा दिला, दुर्ग आणि भिलाई दोन्ही शहरे तिच्यात होती. तो पैसा झोपाळ्याचा. झोपाळ्याची साखळी तुटली की ती नगराने आपल्या उत्पन्नातून बदलायची.

एका बाकावर एक सेवानिवृत्त गृहस्थ भेटले. माझा फोनवरचा मराठी संवाद ऐकून त्यांनी विचारले, "आपण कुठले?" मूळचे भंडारा जिल्ह्यातले, नोकरीची सारी वर्षे भिलाईत काढलेली. त्यांचा मुलगा दुसऱ्या राज्यात एका मोठ्या शहरात राहतो. तेथील वसाहतीत बागेच्या जागेवर एक दिवस विटांचा ट्रक येऊन थांबला. "कुणाला काही ठाऊक नव्हते, साहेब. मी मुलाला म्हटले, भांडू नकोस, आधी नकाशा मागव." माहितीच्या अधिकाराखाली मंजूर अभिन्यासाची प्रत मागवली. तीत त्या जागेवर 'उद्यान' असे स्पष्ट लिहिले होते. बांधकाम थांबले आहे, प्रकरण अजून चालू आहे. त्या गृहस्थांनी नकाशाची छायाप्रत घडी करून पाकिटात ठेवली होती. मला ती उलगडून दाखवली.

ह्या लढाईला भक्कम आधार आहे. बंगळूरच्या राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात तो निर्णय टिकू दिला नाही. रुग्णालय ही उपयुक्त वस्तू आहे, हे कुणी नाकारले नव्हते. पण उद्यानाची जागा ही मुख्यमंत्र्यांच्या मर्जीने बदलण्याची चीज नव्हे, असा त्याचा मथितार्थ. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्काखाली बाजार बांधला गेला. १९९९ मध्ये न्यायालयाने तो पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश दिला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३) बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे ह्यांना स्वतंत्र नोंद दिली आहे, बारावी. इतके सारे असूनही अंमलबजावणीचा पहिला दुवा म्हणजे विटांचा ट्रक पाहून प्रश्न विचारणारा रहिवासी, हे मात्र कोणत्याही अनुसूचीत लिहिलेले नाही.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांनी हिवाळ्यात जावे. उन्हाळ्यात दुपारी तेथे चिटपाखरूही नसते. नागपूरकरांना ११ डिसेंबर २०२२ पासून सुरू झालेली बिलासपूर-नागपूर वंदे भारत दुर्गला थांबते. रायपूरकरांना मेमूच बरी. स्थानकाबाहेर ऑटो मिळते. बरोबर डबा न्यावा, कारण ह्या बागांच्या दाराशी भेळवाला नसतो. आणि नकाशा वाचता येत असेल, तर बाकावर बसलेल्या मंडळींशी बोलताना तो विषय अवश्य काढावा.