नाण्यावरील व्यंग : टाकसाळीतले की बाहेरचे?

वाडवडिलांच्या पेटीतून वारशाने आलेली नाणी विकावयास काढली, म्हणजे एक प्रश्न हटकून पुढे येतो. एखाद्या रुपयावरील छाप एका अंगास सरकलेला असतो, एखाद्याच्या कडेचा तुकडा नाहीसा झालेला असतो. ही टाकसाळीतील चूक समजून तिचे अधिक मोल मागावे, की मागाहून झालेली इजा समजून नाणे मोडीत घालावे? फसगत दोन्हीकडून संभवते. आणि नाणे एकदा मुशीत गेले, म्हणजे त्याची साक्ष कायमची बुडते.

उत्तर शोधण्यापूर्वी ते नाणे कोणत्या रीतीने पाडले गेले, हे पाहिले पाहिजे. शिवराईचेच उदाहरण घ्या. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. परंतु ती सारी एकाच नाण्यावर पूर्ण उमटलेली क्वचितच आढळतात. खालचा ठसा पक्का बसविलेला, त्यावर तांब्याचा तुकडा, वर हाती धरलेला दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव, अशी ती रीत. ठसा पुष्कळदा तुकड्याहून मोठा असे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या हातघडणीच्या रुपयांचीही हीच कथा. अशा नाण्यांवरील सरकलेला छाप ही चूक नव्हे. तो त्या पद्धतीचा नित्याचा परिणाम होय. चांदीच्या रुपयांवर दिसणारे बारीक ठोके हे बहुधा सराफांनी पारख करताना उमटविलेले असतात. त्यांचा संबंध टाकसाळीशी नाही, बाजाराशी आहे.

१८३५ साली कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वा ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांतही हेच प्रमाण टिकले. यंत्रावर पाडलेली ही नाणी एकसारखी असतात. म्हणूनच, शिवराईवर जे सामान्य, ते राणीच्या रुपयावर दुर्मिळ ठरते.

या यंत्रनिर्मित नाण्यांसाठी एकच कसोटी ध्यानी ठेवावी : धातू कोठे गेला? पत्र्यातून चकती कापताना आधीच्या छिद्रावर कापणी पडली, तर चकतीची कड चंद्रकोरीसारखी उणी राहते. ती दाबली गेली, की त्या उणिवेच्या बरोबर समोरील काठ पुष्कळदा पुसट उठतो, कारण तेथे धातूला पुरेसा दाब मिळत नाही. कोणी मागाहून कानशीने कड कापली असेल, तर समोरील काठ ठसठशीत असतो आणि कापल्या जागी कानशीचे ओरखडे दिसतात. कधी पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढच्या चकतीच्या एका बाजूस त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. दुसऱ्या बाजूचा छाप मात्र नेहमीसारखा उठावदार असतो. दोन नाणी शेगड्यात दाबून केलेल्या बनावटीत मूळ छापाचे अवशेष खाली राहतात आणि दुसरी बाजू चेपलेली असते. दागिन्यासाठी पाडलेले भोक, झाळलेल्या कडीचा डाग, चापट झालेली अक्षरे, या साऱ्या इजा होत.

तेव्हा विक्रीपूर्वी नाणे चिंचेने वा राखेने घासू नये. घासण्याने जुना राप जातो, बारीक चरे पडतात, आणि पारख करणाऱ्याचा पुरावाच नष्ट होतो. नाणे काट्यावर तोलावे. झिजेमुळे किंचित उणे भरेल, ते स्वाभाविक होय. मग भिंगाखाली दोन्ही बाजू आणि कड पाहावी, आणि संशय राहिल्यास जाणकारास दाखवावे.

इजा झालेले नाणे चूक म्हणून विकणे ही लबाडी, आणि खरी चूक भंगार म्हणून देणे हे नुकसान. पण भोक पडलेला रुपयाही निरर्थक नाही. कोणा स्त्रीने तो गळ्यात मिरविला असेल. त्याची किंमत बाजारात उतरली, तरी घराण्याच्या इतिहासात तो खोटा ठरत नाही.