आकड्यांखालची माती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रणजी करंडकाचा हंगाम सुरू झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत धावफलक छापून येतात. कुणी किती धावा काढल्या, कुणी किती बळी घेतले, कुणाचा झेल कुणी टिपला, सगळं त्यात असतं. एक गोष्ट मात्र त्या फलकात कधी येत नाही. ती म्हणजे बावीस यार्डांची माती. फलंदाज फॉर्मात आहे, गोलंदाजाचा सूर हरवला आहे, असं आपण सहज बोलून जातो. हा फॉर्म किती त्या माणसाचा आणि किती त्या मातीचा, हे विचारायचं मात्र राहून जातं.

मी लोधिवलीचा. आमचं गाव खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. क्रिकेटच्या नकाशावर पाहिलं तर मुंबई आणि पुणे या दोन मोठ्या मैदानांच्या मधोमध बसलेलं. आमच्या बाजूला कोकणचा धो धो पाऊस, घाट चढून गेलं की पाऊस कमी आणि माती काळी. भातकापणी झाली की इकडे खाचरांतच पोरं टेनिसच्या चेंडूनं खेळतात. कुठं ढेकूळ, कुठं भाताच्या बुडख्याचा खुंट. चेंडू कुठून कसा उडेल याचा नेम नसतो. आमच्याकडे कुणी भाताचा उतारा सांगितला, की जुनी माणसं लगेच विचारतात, ‘कुठल्या खाचरातला?’ बांधाखालचं पाणथळ खाचर आणि वरकस जमीन यांचा उतारा एका मापानं मोजायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. क्रिकेटच्या इतिहासाला आज हाच प्रश्न विचारून पाहू.

खेळपट्टी ही निसर्गाची देणगी नाही, ती माणसं करतात. काळी चिकणमाती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते आणि सुकली की भेगाळते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. अशा मातीवर चेंडू बहुधा हळू येतो, खाली राहतो. लाल मातीवर तो जास्त उसळतो, पण ती पट्टी सुकली की लवकर फुटते आणि फिरकीला हात देते. त्यात किती पाणी घातलं, रोलर किती फिरवला, गवत किती ठेवलं, यावर पाच दिवसांचं भविष्य ठरतं. म्हणून रोलर ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्धा सामना, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आपल्याकडे ही मातीची लढाई फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी, हिंदू, मुसलमान पोरं क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर गोरे साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडून जाई आणि दुसऱ्या दिवशी चेंडू वेडावाकडा उडे. साहेबांच्या जिमखान्याची स्वतःची खेळपट्टी मात्र जपलेली, हिरवीगार. १८८१ च्या सुमारास देशी खेळाडूंनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली या झगड्याची हकीकत पुस्तकरूपानं छापली. पुढे मरीन लाइन्सच्या समुद्राकाठी पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना आपापल्या जागा मिळाल्या. वरवर पाहता भांडण घोड्यांचं होतं. खरं भांडण सपाट जमिनीच्या हक्काचं होतं.

या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस खेळपट्टीवर रोलर फिरवता फिरवताच घडला. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले. पुण्यात आधी पारशांच्या एका क्लबात आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात ते महिना तीन-चार रुपयांवर कामाला होते. खेळपट्टी लोटायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, रेघा मारायच्या, हे त्यांचं काम. सरावाला साहेबांना चेंडू टाकता टाकता डावऱ्या हाताची फिरकी तयार झाली. ग्रेग नावाच्या साहेबाला बाद केलं की तो त्यांना आठ आणे देत असे, असं सांगतात. माती कुठं ओली, कुठं सैल, हे रोज हातानं चाचपणारा माणूस त्याच मातीवर चेंडू टाकत होता, हे लक्षात घ्या. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा, चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात परक्या खेळपट्ट्यांवर त्यांनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना मिळालं नाही. ते पुढे, १९२३ साली, त्यांचे भाऊ विठ्ठल यांच्या वाट्याला आलं. बाळूंच्या आकड्यांखाली दोन जमिनी होत्या. एक मैदानाची, ती त्यांना कळत होती. दुसरी समाजाची, आणि तिच्यावर रोलर फिरवणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं.

आता १९४८ सालात येऊ. डिसेंबर महिना, ठिकाण पुन्हा पुणे, पूना क्लबचंच मैदान. रणजी सामन्यात काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राकडून कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. ४९ चौकार आणि एक षटकार. महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला फक्त नऊ धावा कमी होत्या. पण काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला आणि सामना तिथंच सोडून दिला. निंबाळकर २०१२ साली गेले. एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.

यावर कुणी म्हणेल, पुण्याची खेळपट्टी पाटा होती, तिच्यावर धावा कुणीही काढल्या असत्या. या म्हणण्याला पुरावाही आहे. त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा! त्या सामन्यात नऊ शतकं झाली. मुंबईच्या उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांनी आणि महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगे यांनी तर दोन्ही डावांत शतकं ठोकली. एका सामन्यात इतक्या धावा जगात दुसरीकडे कुठं झालेल्या नाहीत. तेव्हा गोलंदाजाला तिथं फार काही मिळत नव्हतं, हे कबूल करावंच लागेल.

पण हा पुरावा अर्धाच आहे. ज्या मातीवर निंबाळकरांनी ४४३ काढल्या, त्याच मातीवर काठेवाडच्या अकरा जणांनी मिळून २३८ काढल्या होत्या. खेळपट्टी दोन्ही संघांना एकच असते. म्हणून एखाद्याचा हिशेब मांडायचा तर तो त्याच सामन्यात, त्याच पट्टीवर खेळलेल्या शेजाऱ्यांशी लावून मांडावा. खाचर तेच असेल, तर उतारा कुणाचा जास्त हे विचारायला हरकत नाही.

आता अगदी उलटं उदाहरण. १९७२-७३ च्या हंगामातला रणजी करंडकाचा अंतिम सामना, चेपॉक, मद्रास. मुंबई त्याआधी सलग चौदा वर्षं अजिंक्य होती. यजमान तमिळनाडूकडे व्यंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे नावाजलेले फिरकीपटू होते आणि खेळपट्टी पहिल्या दिवसापासून वळत होती. मुंबई १५१ आणि ११३. पण तमिळनाडू ८० आणि ६१! सामना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर संपला. मुंबईचे डावरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. सामन्यात ३४ धावांत १३ बळी. पाहुण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात घरधनीच पडावा, तशातला हा प्रकार झाला. इथंही कुणी म्हणेल, खेळपट्टीच तशी होती. मग त्याच खेळपट्टीवर यजमानांच्या नामवंत फिरकीपटूंना ते का साधलं नाही? शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. पण त्यांचा काळ बिशनसिंग बेदी यांचा काळ होता. तेही एकही कसोटी न खेळता मार्च २०२५ मध्ये गेले.

एक पाट्यावरचा फलंदाज, एक आखाड्यावरचा गोलंदाज, आणि दोघांच्याही नावापुढे कसोटीचा रकाना रिकामा. निवड समितीला दोष देणं सोपं आहे. पण देशांतर्गत सामन्यातला आकडा पाहून हा माणूस परक्या मातीवर काय करील, हे सांगणं खरोखर अवघड असतं. चिपळूणजवळच्या कालुस्ते गावचे गुलाम परकार घ्या. आम्हा कोकणी मुसलमानांना त्यांचं फार कौतुक. १९८१-८२ च्या हंगामात बंगालविरुद्ध त्यांनी सुनील गावसकरांबरोबर सलामीला ४२१ धावांची भागीदारी केली. त्या जोरावर ते १९८२ साली इंग्लंडला गेले आणि लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळले. दोन डावांत मिळून सात धावा झाल्या. त्यांची पहिली कसोटी तीच शेवटची ठरली. वानखेडेवर जे बसलेले हात होते, ते लॉर्ड्सवर दोन डावांत बसले नाहीत. तिसरा डाव त्यांना मिळालाच नाही.

हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेतही होता. तिकडे पूर्वी चटईच्या खेळपट्ट्या असत. १९०५-०६ साली त्यांच्या गुगली टाकणाऱ्या गोलंदाजांनी त्या चटईवर इंग्लंडला मालिकेत ४-१ असं हरवलं. पुढे गोऱ्यांच्या मैदानांवर हिरवळीच्या खेळपट्ट्या आल्या, पण बिगरगोऱ्यांच्या वाट्याला खडबडीत जमीन आणि तिच्यावर अंथरलेली चटईच राहिली. आपल्या कोकणातली कितीतरी मुसलमान कुटुंबं केप टाउनला जाऊन वसली आहेत. त्याच केप टाउनचा बेसिल डी’ऑलिव्हेरा चटईवर धावांचे ढीग रचत होता, पण वर्णद्वेषी व्यवस्थेत त्या धावा कुणी मोजतच नव्हतं. १९६० साली तो इंग्लंडमध्ये मिडलटन क्लबाकडे गेला. ओलसर हिरवळीवर पहिल्या काही डावांत त्याला धावाच जमेनात. पण क्लबानं धीर धरला आणि हंगाम संपताना तो त्या लीगच्या सरासरीत वरच्या क्रमांकावर होता. पुढे तो इंग्लंडकडून कसोटी खेळला. परकार आणि डी’ऑलिव्हेरा यांच्यात गुणांचा फरक किती होता, ते मी सांगू शकत नाही. पण नवी माती ओळखायला एकाला अख्खा हंगाम मिळाला आणि दुसऱ्याला दोन डाव, एवढं आकड्यांवरूनही दिसतं.

वेगवेगळ्या मातीची सवय लावण्याची एक देशी युक्ती मात्र मुंबईनं शोधून काढली होती. १९४८ साली डॉ. कांगा यांच्या नावानं सुरू झालेली लीग ऐन पावसाळ्यात खेळतात. उघड्यावर भिजलेली खेळपट्टी, गुडघ्याला लागणारं गवत. चेंडू जमिनीवरून पुढे सरकत नाही आणि हवेत मारला तर झेल जातो. तिथं तीस धावा म्हणजे मोठी कमाई. मुंबईचे फलंदाज ‘खडूस’ म्हणून ओळखले गेले, त्यात या चिखलाचा वाटा मोठा आहे.

यजमानांनी खेळपट्टी आपल्या सोयीची करू नये म्हणून २०१६-१७ च्या हंगामात रणजीचे सगळे सामने तटस्थ मैदानांवर खेळवण्यात आले. पण आपल्या संघाला आपल्या गावातच पाहता येईना. पुढच्याच वर्षी ती पद्धत बंद झाली. माती सगळ्यांची सारखी करणं हा उपाय तेवढासा चालत नाही, हे त्यातून कळलं. आणि माती फार आपल्या बाजूची करायला जावं तर काय होतं, ते त्याच हंगामात आमच्या घाटापलीकडे गहुंज्याला दिसलं. फेब्रुवारी २०१७ मधली ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. भारत १९ कसोटींत अपराजित होता. विराट कोहलीनं लागोपाठच्या चार मालिकांत द्विशतकं काढलेली होती, म्हणजे फॉर्म म्हणतात तो याहून वेगळा काय असणार? खेळपट्टी पहिल्या दिवसापासून कोरडीठाक. भारत १०५ आणि १०७. कोहली शून्य आणि १३. डावरा फिरकीपटू ओकीफ यानं दोन्ही डावांत ३५ धावांत प्रत्येकी ६ बळी घेतले आणि भारत ३३३ धावांनी हरला. आंतरराष्ट्रीय परिषदेनं ती खेळपट्टी निकृष्ट ठरवली. पण त्याच निकृष्ट खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथनं दुसऱ्या डावात १०९ धावा काढल्या. त्याला जीवदानं मिळाली हे खरं, तरी त्याच्या एकट्याच्या धावा भारताच्या कुठल्याही डावाहून जास्त होत्या.

म्हणजे मातीमुळे माणूस लहानही दिसतो आणि मोठाही दिसतो. पण त्यामुळे माती हेच सर्वस्व ठरत नाही, आणि माणूस हेही नाही. आपण मुलांच्या परीक्षेचे गुण बघतो, नोकरीला आलेल्या उमेदवाराचा कागद बघतो, तेव्हा काठेवाडच्या २३८ सारखा शेजारचा आकडा कुणी मागवून घेत नाही. कुणाच्या पायाखाली पाटा होता आणि कुणाच्या पायाखाली पोलोच्या घोड्यांनी उखडलेलं मैदान, याची चौकशी होत नाही. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात धावफलक वाचाल, तेव्हा एखाद्याच्या शून्यावर बोट ठेवण्याआधी जरा थांबा. दोन्ही संघांच्या बेरजा पाहा, सामना किती दिवसांत संपला ते पाहा. फलकात न छापलेली ती बावीस यार्डांची माती थोडीफार दिसू लागेल. आणि ती पट्टी करणारा, तिच्यावर पहाटे पाणी मारून रोलर ओढणारा माणूसही दिसला तर फार बरं. पळवणकर बाळू एकेकाळी त्याच जागी उभे होते.